तेविसावी वात

आधी जिजींचं नाव लिहिते, मग बाकीचं. बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्यात राहणाऱ्या जिजींनी मला ठेवून घेतलं. पुढे मी जे सांगणार आहे त्यामुळे कुणाला त्या विचित्र वाटल्या, किंवा त्या घराची भीती वाटली, तरी हे पहिलं वाक्य पुसलं जाऊ नये म्हणून ते सुरुवातीलाच ठेवलं आहे. मी आठवी शिकलेली बाई. लिहिताना अजूनही वाटतं की कुणीतरी मागून येऊन वही ओढून घेईल आणि म्हणेल, हे काय चाललंय तुझं? पण जिजींना मी लिहीन असं म्हटलं होतं, म्हणून लिहिते.

ताईच्या बाळंतपणाला म्हणून मी सांगोल्याकडून बुऱ्हाणपुरात आले. आई नव्हती, त्यामुळे ताईकडे जाणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि गावातली शाळा आठवीलाच संपत असल्यामुळे माझं अडणारंही काही नव्हतं. ताईचं घर इतवाऱ्यात, एका खोलीचं. खाली, शेजारी, समोर सगळीकडे पॉवरलूम. दिवसभर खटक्‌ खटक्‌ खटक्‌, भिंतीला हात लावला तर भिंत थरथरायची, पाण्याच्या पेल्यात वर्तुळं उठायची. पहिले आठ दिवस माझं डोकं दुखलं. नंतर मला त्या आवाजाची इतकी सवय झाली की लाईट गेली आणि माग थांबले की छातीत धस्स व्हायचं. सगळं शहर अचानक कान देऊन बसलंय, असं वाटायचं. ही शांतता लक्षात ठेवा. ती पुढे येणार आहे.

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि माझं काय करायचं हा प्रश्न घरात जेवणाच्या ताटासारखा रोज समोर येऊ लागला. दाजी वाईट नव्हते. खोली एक होती, त्यांची आई येणार होती. गावी चुलत्यांनी माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा कसा आहे विचारलं की 'जमीन चांगली आहे' असं उत्तर यायचं, आणि वय विचारलं की फोन कट व्हायचा. मी रोज जास्त काम करायची, कमी जेवायची, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीला चिकटून चालायची.

जिजी बाळाला बघायला आल्या त्या दिवशी मी बाळासमोर मावा जलेबीच्या पुड्याचा कागद धरून मोठ्याने वाचत होते. केळीच्या भावाची बातमी होती. बाळ हसत होतं. जिजी दारातच थांबल्या. उंच, वाळक्या, कपाळावर गोंदलेलं, डाव्या हातात सतत कापूस. त्यांचे यजमान अण्णा कागदाच्या मिलमध्ये होते, दाजींना तिथे कंत्राटी काम त्यांनीच लावून दिलं होतं, म्हणून या घरात जिजींचा शब्द चालायचा.

"ही तर पोथी वाचल्यासारखी वाचते," त्या ताईला म्हणाल्या. "ही पोरगी मला दे. माझ्या तेजूचं एक पुस्तक बाकी हाय. तेवढं वाचून होईपर्यंत दे."

"आणि मग?" दाजींनी विचारलं.

"मग बघू."

"बघू नाही, जिजी. पुस्तक संपलं की मी तिकीट काढतो. तिकडे लोक थांबलेत."

"काढ बाबा," जिजी म्हणाल्या. "आधी संपू तर दे."

अशी मी एका पुस्तकापुरती त्या घरात गेले.

तेजू त्यांची एकुलती मुलगी. तेरा वर्षांची असताना तीन दिवसांच्या तापात गेली. मी गेले तेव्हा त्याला वर्ष होऊन गेलं होतं, पण तिची सायकल तशीच, खुंटीवर दप्तर तसंच, आणि आता तिचे दोन ड्रेस माझ्या अंगावर. ते मला उंचीला बरोबर बसले तेव्हा जिजींनी नुसती बाही सरळ केली. अण्णा सकाळच्या पॅसेंजरने मिलला जायचे, संध्याकाळी यायचे, त्यांच्या शर्टाला ओल्या लगद्याचा वास असायचा. ते माझ्याकडे बघायचे तेव्हा आधी ड्रेसकडे बघायचे आणि मग पटकन दुसरीकडे.

पुस्तकाचं असं होतं. तेजू एक मालिका वाचायची, 'सावलीचं घर' नावाची, पाच भागांची. मुलांसाठी लिहिलेली, जादू, लढाया, उडते घोडे सगळं होतं तिच्यात, पण मूळ कथा पुराणातली. सूर्याची बायको संज्ञा. तिला त्याचं तेज सोसेना. तिने आपल्याच सावलीतून एक बाई केली, छाया तिचं नाव, तिला आपल्या जागी घरात उभी केली, माझी मुलं सांभाळ आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली, आणि निघून गेली. छायेला पुढे स्वतःची मुलं झाली, त्यातली एक तापी. आपलीच तापी, जी घाटाखालून वाहते. मालिकेची नायिका हीच तापी, बारा वर्षांची, जिला हळूहळू कळत जातं की आपली आई ही सूर्याची खरी बायको नाही, कुणाच्या तरी जागेवर उभी केलेली आहे. चार भाग तेजूने जिजींना मोठ्याने वाचून दाखवले होते. पाचवा निघायचा होता. अण्णांनी पूर्ण संच आधीच मागवून ठेवला होता, त्यामुळे तेजूच्या मागे वर्षभराने पोस्टमनने दारात येऊन तिचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं. जिजी सांगायच्या, "मी आतून ओ दिली गं. आधी ओ दिली आणि मग आठवलं."

त्या पाचव्या भागाचं नाव होतं 'संज्ञा परत येते'. अण्णांनी त्याला हात लावला नाही. जिजींना अक्षर येत नव्हतं.

आणि जिजींना हेही कळत नव्हतं, किंवा मान्य नव्हतं, की हे पुस्तक पोथी नाही. त्यांच्या माहेरी, तापीकाठच्या केळीवाल्यांच्या घरात, वाचायचं म्हणजे पोथीच वाचायची. म्हणून दुपारी जेवणं झाली की त्या जमीन पुसायच्या, चौरंगावर ते रंगीत मुखपृष्ठाचं पुस्तक ठेवायच्या, उडत्या घोड्यावर हळदकुंकू वाहायच्या. तांब्याच्या भांड्यात पाणी. रामकथा वाचताना मारुतीसाठी पाट मांडतात ना, तसा समोर एक रिकामा पाट. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी वाचायची आणि त्या माझ्या शेजारी बसून कापसाची वात वळायच्या. एका अध्यायाला एक वात. ती एका पत्र्याच्या डब्यात पडायची.

पहिल्या दिवशी वाचून झाल्यावर जिजींनी भांड्यातलं पाणी तीर्थ म्हणून मला दिलं. भांडं मी स्वतः काठोकाठ भरलं होतं. आता ते दोन बोटं कमी होतं. मे महिन्यातलं बुऱ्हाणपूर, बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, पाणी उडणारच. मी मनाला असं समजावलं. दुसऱ्या दिवशीही दोन बोटं कमी. तिसऱ्या दिवशीही बरोबर दोनच.

खिडकीला हिरवी चादर लावलेली असायची आणि तिच्या भोकांतून उन्हाचे तुकडे पाटावर पडायचे. वाचता वाचता मी पान उलटायला मान वर केली की ते तुकडे हललेले असायचे. ऊन सरकतं, मला माहीत आहे. पण ऊन एका बाजूला सरकतं. हे तुकडे कधी जवळ यायचे, कधी लांब जायचे, समोरचं माणूस बसल्या जागी मांडी बदलतं तसे. मी बघणं सोडून दिलं. मान खाली घालून वाचायची आणि घामाने भिजायची.

तरीसुद्धा, खरं सांगते, मला तिथून जायचं नव्हतं. जिजी सकाळी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायच्या, खरपूस भाजलेल्या, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. मी दोन खाल्ल्या की तिसरी न विचारता ताटात पडायची. "खा, नाही तर दाजी म्हणतील जिजीने पोरीला उपाशी मारलं." इतक्या वर्षांत मला कुणी तिसरी भाकरी वाढली नव्हती. कधी कधी त्या चुकून 'तेजू, पाणी आण' म्हणायच्या. मी पाणी आणायची. चूक मी सुधारली नाही, त्यांनीही नाही. गोष्टीतली छाया अशीच उभी होती, दुसऱ्या बाईच्या घरात, दुसऱ्या बाईच्या कपड्यांत, आणि पुस्तकाच्या नावातच लिहिलं होतं की खरी परत येणार आहे.

अध्याय एकवीस होते. मी सुरुवातीला रोज एक वाचला, मग अर्धा, मग घसा दुखतो म्हणून दोन दिवस सुट्टी. तरी विसावा अध्याय आला आणि संपला. पुढे एकच उरला. त्या दिवशी ताईचा निरोप आला होता, दाजी विचारतायत किती राहिलं.

दुसऱ्या दुपारी मी पुस्तक उघडलं, शेवटच्या अध्यायाचं पहिलं पान समोर धरलं आणि त्यातलं एक अक्षर न वाचता बोलायला लागले. मनाचं. संज्ञा दारापर्यंत आली पण तिला दार सापडेना, असं काहीतरी. मध्ये मध्ये पान उलटल्याचा आवाज करायची, तेच पान पुढे, तेच पान मागे. जिजींनी वात वळली, डब्यात टाकली. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. मला आश्चर्य वाटलं की हे जमतंय. भीतीही वाटली, कारण त्या दोन्ही दिवशी भांड्यातलं पाणी जराही कमी झालं नाही. समोर बसलेल्याला माझं खोटं प्यायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लाईट गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. ती मघाशी सांगितलेली शांतता. त्या शांततेत माझा एकटीचा आवाज चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं. मग मला दाजींनी एकदा दाखवलेल्या कुंड्या आठवल्या. लालबागेच्या पुढे आहेत, जुन्या काळच्या, शेतातून एका ओळीत खोदलेल्या खोल विहिरी, आणि जमिनीखालून त्या सगळ्यांना जोडणारा पाण्याचा बोगदा. मी बोलत गेले. की संज्ञा परत आली तेव्हा छाया भांडली नाही. ती कुंडीत उतरली. खाली ऊन लागत नाही, आणि जिथे ऊन नाही तिथे सावलीला कुणी ओळखत नाही. ती पाण्यातून चालत चालत शहराच्या खालून जाते. प्रत्येक कुंडीखाली आली की मान वर करते, वरती आभाळाचं गोल दिसतं, आणि ती विचारते, "वर कोण आहे?"

जिजींचा हात थांबला. अर्धी वळलेली वात बोटांत तशीच.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा म्हटलं. वर कोण आहे.

"हे पुस्तकात हाय?"

"हो."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पाटाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तापात तिसऱ्या दिवशी तेजू मला म्हणाली. हे पुस्तक यायच्या वर्षभर आधी. म्हणाली, जिजी, छाया कुठं जात नाही. कुंड्यांच्या खालून चालत राहते, तिथं ऊन नसतं. आणि वर बघून विचारते, वर कोण आहे. मी म्हटलं, झोप गं. मी उत्तर नाही दिलं तिला." वात पूर्ण करून त्यांनी डब्यात टाकली. "हे मी अण्णांनाही नाही सांगितलं. कुणालाच नाही."

मग त्यांनी भांडं माझ्यापुढे केलं. पाणी दोन बोटं कमी होतं.

दुसऱ्या दिवशी जिजी सकाळपासून जेवल्या नाहीत. अण्णा मिलला गेल्यावर त्यांनी डब्यातल्या वाती, तेल आणि पणती पिशवीत घातली आणि चप्पल पायात सरकवली. मी विचारलं कुठे, तर म्हणाल्या, "उत्तर द्यायला." मी मागे पळाले. रिक्षात त्या ताठ बसल्या होत्या, मी त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. माझ्या तोंडात एक वाक्य होतं आणि ते बाहेर काढलं की माझं सगळं जाणार होतं, भाकरी, खाट, सगळं. आणि नाही काढलं तर ही बाई त्या विहिरीत वाकणार होती.

भर बाराची वेळ. शेतात चिटपाखरू नाही. त्या बाजूच्या कुंडीला नुसता कमरेएवढा कठडा होता. जिजींनी पणती लावली, ती उन्हात पेटलेली दिसतसुद्धा नव्हती. मग कठड्यावर पोट टेकून त्या आत वाकल्या. मी दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली.

"जिजी, ते पुस्तकात नाहीये!" मी ओरडले. "मी बनवलं! देवाशपथ, मी मनाचं बनवलं, पुस्तक संपू नये म्हणून. मला परत पाठवतील म्हणून. छाया कुंडीत जात नाही, तसं काही लिहिलेलंच नाही!"

त्या हलल्या नाहीत. आत वाकूनच बोलल्या, त्यामुळे त्यांचा आवाज माझ्यापर्यंत विहिरीतून आला.

"माहीत हाय मला. पुस्तकं एकवीसची असतात. तेजूची चारही एकवीसची होती. बाविसावी वात पडली तेव्हाच समजले. काल तर तेविसावी पडली."

"मग विचारलंत कशाला, पुस्तकात आहे का म्हणून?"

"तू हो म्हणालीस ते खरं असतं, तर मी घरीच बसले असते, पगली. लिहिणाऱ्याला सुचलं, तेजूला सुचलं, होतं असं. पण पुस्तकात नाही. तुला मी सांगितलं नाही. मग तुला कुणी सांगितलं?"

ते मला आजही माहीत नाही. मी त्यांची कंबर आणखी घट्ट धरली.

जिजींनी खाली तोंड करून, शेजारणीला हाक मारावी तशी, साधी हाक मारली. "मी हाय गं. वर मी हाय."

खालून आवाज आला. मी हाय गं, वर मी हाय. प्रतिध्वनी होता तो, विहीर म्हटल्यावर येणारच. मग खाली पाणी चुळबुळल्यासारखं झालं आणि थोड्या वेळाने तो पुन्हा आला, जरा लांबून, ओळीतल्या पुढच्या कुंडीखालून यावा तसा. जिजी एकदाच बोलल्या होत्या.

त्या सरळ झाल्या. तोंड ओलं होतं, पण मोकळं झाल्यासारखं दिसत होतं. माझ्या पाठीत एक धपका घातला, चांगला जोरात. "किती घट्ट धरतेस! बरगडी मोडली असती माझी. आता सांग, पुस्तकात खरं काय लिहिलंय?"

कठड्याच्या पायाशी वीतभर सावली होती. तिथे बसून मी सांगितलं. शेवटचं पान मी चोरून कितीदा वाचलं होतं. संज्ञा येते, दार वाजवते. छाया दार उघडते आणि विचारते, जेवलीस का? आणि दोघी त्याच घरात राहतात, एक उजेडाच्या बाजूला, दुसरी सावलीच्या.

जिजींनी विचार केला. "ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पण तुझंच बरं होतं."

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा जिजींनी त्यांना सगळं सांगितलं, तापातलं बोलणंही. ते बराच वेळ हातपाय धूत राहिले. मग येऊन चौरंगापुढे बसले आणि ज्याला त्यांनी हात लावला नव्हता ते पुस्तक उघडून शेवटचा अध्याय वाचला, मिलमधली नोटीस वाचावी तसा, एका सुरात. 'जेवलीस का' वर येऊन थांबले. चष्मा पुसला. पुढे वाचलं. मी बाजूला बसून ऐकत होते आणि मनात तिकिटाचा दिवस मोजत होते. अण्णांनी पुस्तक मिटायला घेतलं तसा जिजींनी त्यांचा हात धरला.

"मिटू नका. पहिला भाग आण गं, सारिका."

पोथीची समाप्ती झाली की लगेच पहिल्या अध्यायाच्या चार ओळी वाचायच्या, म्हणजे वाचन बंद पडत नाही, चालू राहतं, असा त्यांच्या माहेरचा रिवाज. मी पहिला भाग आणला. त्यावर तेजूच्या अक्षरात तिचं नाव होतं. अण्णांनी तो माझ्याच हातात परत दिला. मी चार ओळी वाचल्या.

रविवारी दाजी आले. मी आत पाणी भरत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"जिजी, झालं ना पुस्तक?"

"कुठं झालं? कालच तर लागलं. पहिल्यापासून."

"अहो, पण तुम्ही म्हणाला होतात..."

"संपू दे म्हणाले होते. पोथी अर्धी सोडून पोरगी पाठवू? तुझ्या लेकराला पाप लागेल. चहा घे."

दाजी हसले की वैतागले ते मला भांड्यांच्या आवाजात कळलं नाही. पण त्यांनी चहा घेतला.

ते पुस्तक अजून संपलेलं नाही. मला पुढे बाहेरून दहावीला बसवलं अण्णांनी, मी दोनदा नापास झाले आणि नाद सोडला, तरी त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. लग्न माझ्या मर्जीने, योग्य वयात, त्यांच्याच ओट्यावर झालं. आता मी खकनारला अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलांना गोष्टी सांगते. कुंडीची सांगत नाही. अण्णा गेले. जिजींना आता दिसत नाही, पण वाती वळतात. मी बसने जाते, पाट मांडते, भांडं भरते, जिथे राहिलं असेल तिथून वाचते. पाणी आता किती कमी होतं ते मी बघत नाही. तीर्थ घेऊन टाकते.

परवा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी गेल्यावर कोण ऐकणार गं तुझं?" मी म्हटलं, उत्तर लिहीन. म्हणून इथे लिहिते. जिजी, तुमचं देणं फार मोठं आहे, आणि माझ्याजवळ वाचण्याशिवाय काही नाही. पण त्या दिवशी मी दोन पाट मांडीन. भांडं काठोकाठ भरीन. वाचून झाल्यावर लालबागेच्या पुढे जाईन, भर दुपारी, एकटी, मला कितीही भीती वाटली तरी. कठड्यावर वाकेन. आणि तुम्ही खालून विचारलंत, तर तुम्हाला वर्षभर थांबावं लागणार नाही. मी लगेच ओ देईन.